पैठणीचा पदर, लेण्यातला लेख आणि मोठा सेन्सर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ताई, आमचं येवल्यात पैठणीचं दुकान आहे. यंदा मोठा कॅटलॉग काढायचा आहे आणि दुकानाच्या दर्शनी भिंतीवर एका पदराची चार फुटी प्रिंट लावायची आहे. आमचा फोटोग्राफर ६१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा वापरतो. मुंबईची एक एजन्सी म्हणते, पैठणीला मीडियम फॉरमॅटच हवा, १०० मेगापिक्सेलचा कॅमेरा भाड्याने आणा. एवढा खर्च केला तर फरक खरंच दिसेल का?
– एक पैठणी व्यावसायिक, येवला

उत्तर : कॅटलॉगमध्ये अजिबात दिसणार नाही. भिंतीवरच्या प्रिंटमध्ये दिसेल, पण गिऱ्हाईक प्रिंटच्या अगदी जवळ जाऊन धागे बघायला लागलं तरच. आणि तुमच्या गिऱ्हाइकाला ती सवय असते, म्हणून मी हा प्रश्न चटकन निकालात काढणार नाही.

आधी सेन्सरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीचं बघू. फुल फ्रेममध्ये ती लहान, मीडियम फॉरमॅटमध्ये मोठी. ६१ मेगापिक्सेलचा सोनी ए७आर ४ आला २०१९ साली. त्याच वर्षी फुजीफिल्मचा १०२ मेगापिक्सेलचा जीएफएक्स १०० आला. फेज वनचा १५० मेगापिक्सेलचा आयक्यू४ बॅक (कॅमेऱ्याच्या पाठीला जोडायचा, सेन्सर असलेला भाग) त्याच्या आदल्या वर्षीचा. किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर, पण तिघांच्याही पिक्सेलचा आकार एकच, ३.७६ मायक्रॉन. एकाच मागावर विणलेल्या कापडातून कुणी ब्लाउजपीस कापावा, कुणी ओढणी, कुणी अख्खी साडी, तसं हे आहे. वीण तीच, पन्हा-लांबी वेगळी. म्हणून स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून दोन फाइली शेजारी ठेवल्या की अनेकांना वाटतं, अरे, काहीच फरक नाही. त्या पद्धतीने फरक दिसणारच नाही. तो बघायचा तर दोन्ही फोटो एकाच मापात छापावे लागतात.

छापताना काय होतं ते आकड्यांत सांगते. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा. फुजीफिल्मचा साधारण ४४ × ३३, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १.७ पट. फेज वनचा मोठा बॅक ५३.४ × ४० मिलिमीटरचा. ए-२ कागदाची आखूड बाजू ४२० मिलिमीटर. ती भरायला २४ मिलिमीटरची बाजू साडेसतरा पट ताणावी लागते, ३३ मिलिमीटरची पावणेतेरा पट. लेन्समध्ये जो काही दोष असेल, फोकसमध्ये जी किंचित चूक असेल, सावलीत जो दाणा (खरखरीत ठिपके) असेल, ते सगळं त्याच पटीत मोठं होतं. मीडियम फॉरमॅटच्या प्रिंटमध्ये जो शांतपणा जाणवतो, त्याचं मोठं कारण हे कमी ताणणं आहे.

आता तुमचा कॅटलॉग. ए-४ पान ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल, नऊ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. दोन पानांवर पसरलेला फोटो साडेसतरा मेगापिक्सेलचा. तुमच्या फोटोग्राफरच्या फाइलमधले बहुतेक पिक्सेल छापखान्यात टाकूनच दिले जाणार आहेत, मग शंभर मेगापिक्सेल आणून काय करायचं? ते पैसे कागद, प्रूफ आणि छपाईवर खर्च करा.

भिंतीवरची प्रिंट चार फूट, म्हणजे ४८ इंच रुंद. ६१ मेगापिक्सेलमधून तिथे इंचाला १९८ पिक्सेल मिळतात, १०२ मधून २४३, १५० मधून २९६. चांगली नजर एका फुटावरून साधारण ३०० पर्यंतचा तपशील ओळखते. तीन फुटांवर गेलं की शंभराच्या आतबाहेरही पुरतात. दुकानात माणूस प्रिंटसमोर किती अंतरावर उभा राहणार, मध्ये काउंटर आहे की नाही, यावर तुमचं उत्तर ठरतं. एक गोष्ट मात्र मीडियम फॉरमॅटच्या बाजूने जाते. त्याची चौकट ४:३ असते. फुल फ्रेमची लांबट चौकट कापून ४:३ केली तर ६१ चे साडेत्रेपन्नच मेगापिक्सेल उरतात. पदर तुम्ही त्या आकारात लावणार असाल तर हे अंतर जवळजवळ दुपटीचं होतं.

पण पैठणीत खरी कसोटी वेगळीच आहे. मी नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या माझ्या स्टुडिओत एकच पदर या दोन्ही मापांच्या कॅमेऱ्यांनी घेतला आहे. माझा स्वतःचा ६१ चा, आणि मुंबईहून भाड्याने आणलेला १०२ चा. पदर सपाट पाटावर, कॅमेरा वरून काटकोनात, दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर फ्लॅश, सोबत रंगांची चोवीस चौकोनी पट्टी. फुल फ्रेमला एफ/८, मोठ्या सेन्सरला एफ/१०, कारण तेवढा फरक ठेवला नाही तर दोन्हींची डेप्थ ऑफ फील्ड (पुढे-मागे किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं ते) सारखी राहत नाही आणि तुलना खोटी होते. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) फाइली एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, शार्पनिंग शून्यावर. मग दोन्हींच्या चार फुटी प्रिंटमधला मोराचा भाग तेवढा पट्टीसारखा छापला, मागे खूण केली आणि येवल्यातल्या विणकरांसमोर ठेवला.

त्यांनी शार्पनेसबद्दल फार थोडं बोलून दाखवलं. बोट ठेवलं ते रंगावर. एलईडी पॅनेलच्या उजेडात मुद्दाम घेतलेली तिसरी पट्टी मी त्यांत मिसळली होती. ती बघताच एक वयस्कर विणकर म्हणाले, "हा लाल आमचा नाही." कॅमेरा तोच, लेन्स तीच, फक्त दिवा बदललेला. बऱ्याच पांढऱ्या एलईडींच्या उजेडात गडद लाल आणि निळसर-हिरव्या पट्ट्यात खड्डे असतात, रेशमाच्या रंगात ते लगेच उघडे पडतात. फ्लॅशच्या झेनॉन नळीचा उजेड सलग असतो. सेन्सर कितीही मोठा आणा, उजेडातच जो रंग नाही तो फाइलमध्ये येत नाही.

ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछाव पैठणीत तर दिव्याचा कोन पाच-दहा अंशांनी हलला तरी साडी वेगळी दिसते. जरीचं दुखणं आणखी निराळं. चमक कमी करण्यासाठी काही जण दिव्यावर आणि लेन्सवर, दोन्हीकडे पोलरायझर लावतात. रेशमाला ते छान, पण जरीचे धागे त्यात काळवंडतात, पितळेसारखे मेलेले दिसतात. मी एक मोठा सॉफ्टबॉक्स जरीच्या रेषेला समांतर ठेवते आणि समोरून पांढऱ्या थर्मोकोलचा परतावा देते. जरीचे धागे भरून येतात, अति उजळून जळत नाहीत.

आणखी एक. सपाट, बारीक विणीवर मॉयरे येतो, म्हणजे कापडात नसलेल्या रंगीत लाटा. सव्वा मीटरच्या आसपासचा पन्हा चौकटीच्या आखूड बाजूत बसवला की ६१ च्या कॅमेऱ्यात मिलिमीटरला पाचेक पिक्सेल येतात, १०२ मध्ये सातेक. वीण त्या पिक्सेलच्या जाळीशी जुळली की लाटा उठतात. या दोन्ही कॅमेऱ्यांत त्या लाटा पुसट करणारा फिल्टर नाही, म्हणजे मोठा सेन्सर आणल्याने हा त्रास टळत नाही, फक्त दुसऱ्या विणीवर सरकतो. उपाय तुमच्या फोटोग्राफरच्या हातातच आहे. त्याचा कॅमेरा सोनीचा असेल तर त्यात पिक्सेल शिफ्ट आहे. सेन्सर एकेक पिक्सेल सरकून चार फ्रेम घेतो, त्या जोडल्या की प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा पूर्ण मिळतो आणि रंगीत लाटा जातात. अट एकच, काहीही हलता कामा नये. पंखा बंद, दार बंद, साडी पाटावर, टांगलेली नाही.

माझं मत विचाराल तर सगळं काम तुमच्याच फोटोग्राफरकडून करून घ्या. भिंतीवरच्या एका पदरासाठी, तोही माणसं वीतभर अंतरावरून बघणार असतील तर, मीडियम फॉरमॅट एका दिवसासाठी आणा. त्या दिवशी तुमच्याकडचे ठेवणीतले, पुन्हा न विणले जाणारे जुने पदर असतील तेही घेऊन टाका. त्या फाइली नातवंडांपर्यंत राहतील, तिथे मोठ्या सेन्सरचा खर्च मला योग्य वाटतो.

प्रश्न : मॅडम, मी दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकरोडला राहतो. आजोबांचा हॅसलब्लाड ५०० सी/एम आणि ८० मिलिमीटर लेन्स घरात आहे, चालू स्थितीत. त्याला बसणारा ३९ मेगापिक्सेलचा जुना सीसीडी (जुन्या प्रकारच्या सेन्सरचा) बॅक मुंबईत विकायला आहे. जाणकार सांगतात की जुन्या सीसीडी बॅकचे रंग आजच्या कुठल्याही डीएसएलआरला येत नाहीत. साठवलेले सगळे पैसे त्यात घालावेत का?
– एक विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : नको घालूस. आजोबांचा कॅमेरा मात्र नीट जप.

जाणकार म्हणतात त्याला कारण आहे, ते समजून घे. २००७ साली कॅननचा सर्वांत वरचा कॅमेरा, १डीएस मार्क ३, २१ मेगापिक्सेलचा होता आणि त्याच्या सेन्सरवर तपशील किंचित पुसट करणारा फिल्टर होता. त्याच सुमाराला फेज वनचा ३९ मेगापिक्सेलचा बॅक ४९ × ३७ मिलिमीटरचा होता, क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या दुपटीहून जास्त, आणि वर तो फिल्टरच नाही. स्टुडिओत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ५० ला, फ्लॅशवर, त्या बॅकने घेतलेल्या दागिन्याच्या किंवा कापडाच्या फाइली बघून डोळे निवायचे. ते अंतर खरं होतं. त्या काळात बॅक वापरणाऱ्या प्रत्येकाच्या मनावर ते कोरलं गेलंय आणि आदराने कोरलं गेलंय.

मग २०१२ मध्ये निकॉनचा डी८०० आला, ३६ मेगापिक्सेलचा. २०१४ मध्ये मीडियम फॉरमॅटवालेही सीसीडी सोडून सीमॉस या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरकडे वळू लागले. का वळले? सावलीमुळे. जुन्या सीसीडीत सेन्सर वाचताना जो गोंगाट मिसळतो, तो सावली उचलली की दाणेदार होऊन वर येतो. आयएसओ ४०० वर तर नीट उजेडातही येतो. २०१७ चा डी८५० घे. ४६ मेगापिक्सेल, मूळ आयएसओ ६४. काळाराम मंदिराच्या काळ्या दगडावर दुपारचं ऊन आणि मंडपातला अंधार एकाच चौकटीत घेतलास तर डी८५० च्या रॉ फाइलमधून दगडाचा पोत निघतो. जुन्या बॅकमधून तिथे जांभळट दाणा निघेल.

रंगांचं म्हणशील तर, सीसीडी आहे म्हणून रंग चांगले, असं नसतं. सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या कशा निवडल्या आणि सॉफ्टवेअरमधलं प्रोफाइल कुणी किती काळजीने बनवलं, यावर रंग ठरतात. बॅक बनवणाऱ्यांनी ते काम मन लावून केलं होतं. तसं प्रोफाइल आज चोवीस चौकोनांच्या पट्टीवरून तू घरी बनवू शकतोस.

व्यवहाराचं बोलू. त्या पिढीचे बहुतेक बॅक संगणकाला फायरवायरने जोडतात, आजच्या लॅपटॉपला ते भोकच नाही. मागचा स्क्रीन इतका अंधूक की फोकस तपासता येत नाही. आणि फोकसच खरी अडचण. ५०० सी/एम चा आरसा आणि घासलेली काच फिल्मसाठी जुळवलेली. फिल्म एवढीशी चूक पोटात घालते, ३९ मेगापिक्सेल घालत नाही. बॅक आणि बॉडी एकमेकांना जुळवून देणारा कारागीर शोधावा लागतो आणि बॅक बंद पडला तर सुटे भाग मिळत नाहीत. मोठ्या स्टुडिओवाल्याने हे सगळं पत्करलं तर ठीक, तुझ्या साठवलेल्या पैशांवर मी ते लादणार नाही.

त्या कॅमेऱ्यात १२० चा रोल घाल. बारा फ्रेम, ५६ × ५६ मिलिमीटरची निगेटिव्ह, आज विकत मिळणाऱ्या बहुतेक डिजिटल बॅकपेक्षा मोठी. कृष्णधवल रोल घरच्या बाथरूममध्ये धुता येतो. डिजिटलसाठी वापरलेला डी८०० किंवा डी८५० आणि एक चांगली ५० किंवा ८५ ची लेन्स घे. निगेटिव्ह लाइटपॅडवर ठेवून त्याच डिजिटल कॅमेऱ्याने, मॅक्रो लेन्सने कॉपी करता येते. पुढेमागे कमावता झालास आणि मन तिथेच असेल, तर हॅसलब्लाडने २०२४ मध्ये आणलेला सीएफव्ही १००सी हा नवा बॅक याच जुन्या बॉडीवर बसतो.

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. १६ बिट रॉमुळे त्वचेचे रंग मखमली येतात आणि मीडियम फॉरमॅटसारखी पार्श्वभूमी फुल फ्रेममध्ये धूसर होत नाही, असं ऐकतो. घ्यावा का?
– एक छायाचित्रकार, पंचवटी

उत्तर : लग्नासाठी घेऊ नका. १४ बिटमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, १६ मध्ये ६५,५३६, पण त्या जास्तीच्या बारीक पायऱ्या सेन्सरच्या स्वतःच्या गोंगाटात बुडालेल्या असतात. हळदीच्या चेहऱ्यावर त्या दिसत नाहीत. धूसरपणाचं गणितही उलटं निघतं. ४४ × ३३ वरची ११० मिलिमीटर एफ/२ लेन्स फुल फ्रेमच्या साधारण ८७ मिलिमीटर एफ/१.६ सारखी वागते. कॅनन आणि निकॉन दोघांकडेही ८५ मिलिमीटर एफ/१.२ आहे, म्हणजे तिथे फुल फ्रेमच पुढे.

एकच काम असं आहे जिथे मी तुम्हाला अडवणार नाही. गंगापूर धरणाकडच्या द्राक्षबागेत भर दुपारी जोडप्याचं शूट करायचं, आकाश गडद ठेवायचं आणि चेहऱ्यावर फ्लॅश मारायचा. बहुतेक फुल फ्रेम कॅमेरे फ्लॅशसोबत सेकंदाच्या १/२०० किंवा १/२५० पर्यंतच जातात. जीएफएक्स १०० तर १/१२५ लाच थांबतो, म्हणून नुसतं मीडियम फॉरमॅट आहे म्हणून कॅमेरा उचलू नका. हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेच्या लेन्समध्ये शटर लेन्सच्या आतच असतं आणि ते १/२००० ला फ्लॅशशी जुळतं. १/२५० च्या तुलनेत ऊन तीन स्टॉप खाली, म्हणजे आठव्या हिश्शावर. छोट्या फ्लॅशवरही दुपार हाताळता येते. असं काम महिन्यातून एकदा येत असेल तर भाड्याने आणा.

प्रश्न : पांडवलेण्यांतल्या ब्राह्मी लेखांचं छायाचित्रण करायचं आहे, अभ्यासासाठी. अक्षरांच्या कडा, झीज, सगळं दिसलं पाहिजे. डिजिटल बॅक मिळवण्यासाठी संस्थेकडे अनुदान मागू का?
– इतिहासाच्या अभ्यासक, इंदिरानगर

उत्तर : तुमच्या कामाबद्दल मनापासून आनंद वाटला. क्रमांक तीनच्या लेण्यातला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख मी स्वतः पुन्हा पुन्हा जाऊन बघितला आहे. अनुदान मागा, पण बॅकसाठी नाही.

खोदलेलं अक्षर कॅमेऱ्याला दिसतं ते सावलीमुळे. समोरून फ्लॅश मारला तर दीडशे मेगापिक्सेलमध्येही भिंत सपाट दिसेल. दिवा भिंतीला जवळजवळ समांतर, दहा-पंधरा अंशांवर धरा. कॅमेरा न हलवता तोच लेख डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असा चार उजेडांत घ्या. एका उजेडात जी रेघ खोदलेली वाटते ती दुसऱ्यात नुसती भेग निघते. तुमच्यासारख्या अभ्यासकाला याचा उपयोग मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी जास्त होईल.

तपशील जोडून मिळतो. ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरून, फ्रेम एकमेकींवर तीस टक्के चढवत तीन फोटो घेतले की जोडलेली फाइल साधारण १५,२०० × ९,५०० पिक्सेलची होते, म्हणजे १४४ मेगापिक्सेल. जवळजवळ फेज वनच्या मोठ्या बॅकइतकी. भिंत हलत नाही, त्यामुळे जोड दिसत नाही. लांब ओळींसाठी पाच-सहा फ्रेम घ्या. कॅमेरा एका जागी उभा करून फिरवू नका, भिंतीला समांतर सरकवा, नाहीतर कडेची अक्षरं आडवी दाबली जातात. लेख उंचावर असला तर कॅमेरा वर वळवण्याऐवजी शिफ्ट लेन्स (कॅमेरा सरळ ठेवून दृश्य वर-खाली सरकवणारी) वापरा. अनुदान याच लेन्ससाठी, दोन बॅटरीवरच्या फ्लॅशसाठी आणि भक्कम ट्रायपॉडसाठी मागा.

ट्रायपॉडला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. अर्ज आधी करा आणि परवानगीचा कागद बरोबर ठेवा. प्रत्येक चौकटीत सेंटिमीटरची पट्टी आणि राखाडी कार्ड ठेवा, पण भिंतीला काहीही चिकटवू नका. पट्टी काठीला बांधून भिंतीपासून बोटभर दूर धरायला बरोबर एक जण न्या. फाइलच्या नावात लेण्याचा क्रमांक, ओळ आणि उजेडाची दिशा लिहा. पायथ्यापासून वरपर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत, सामान त्या हिशेबाने बांधा आणि दार उघडताच पोहोचा, दहानंतर सहली येतात.